चौथा ब्रिज

"बसली" हा बाबांच्या तोंडातला सर्वांत मोठा कौतुकाचा शब्द. तो फक्त दातांच्या वाट्याला यायचा, माणसांच्या नाही.

बाबांची दातांची लॅब होती. डॉक्टर दात घासून त्याचं माप लॅबला पाठवतात आणि लॅब त्यावर नेमकी बसेल अशी कॅप करून देते; शेजारचे दोन-चार दात गेले असतील तर त्यांचा मिळून एक ब्रिज. चाळीस वर्षं बाबांनी हे काम मेण आणि सुरी घेऊन केलं. तयार कॅप प्लास्टरच्या जबड्यावर ठेवायची, मधे निळा कागद धरायचा, जबडा दोनदा टकटक मिटायचा आणि डाग कुठे उमटला ते बघायचं. जागच्या जागी उमटला तर "बसली". नाही उमटला तर एक अक्षर न बोलता कॅप करणाऱ्याच्या टेबलावर परत. लॅबमधली माणसं त्या न बोलण्याला जास्त भ्यायची.

थोरल्या मुलाला घरीदारी सगळे दादा म्हणत, बाबासुद्धा. दादाला सुरी कधी धरता आली नाही. त्याचं सगळं डोकं कॉम्प्युटरात. पाच वर्षांपूर्वी त्याने एकट्याने लॅबचा सर्व्हर लिहिला, जावास्क्रिप्टमध्ये, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन पाठवायचा, सर्व्हरने कॅपचा आकार काढायचा आणि मागच्या खोलीतल्या मशीनने तो कोरून द्यायचा. मेण नाही, सुरी नाही; मागच्या टेबलांवरच्या माणसांनी कॅप फक्त घासूनपुसून पुरी करायची. पहिल्या दिवशी दादाने बाबांना खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसवलं. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "चालतंय ना? मग झालं."

ते "मग झालं" पाच वर्षं दादाच्या घशात अडकून होतं.

सर्व्हरची एकच अडचण होती. जावास्क्रिप्टचा सर्व्हर म्हणजे दारात बसलेला एकच माणूस. नुसती ये-जा असेल तर तो पन्नास जणांना हसत सांभाळतो: याचं घे, त्याला दे, तिसऱ्याला जरा थांबायला सांग. पण त्यालाच कॅपचं गणित करायला बसवलं की तो अकरा सेकंद मान वर करत नाही, आणि तेवढा वेळ बाकी सगळ्या डॉक्टरांचे स्क्रीन ढिम्म. यावर दादाने स्वतःचा उपाय काढला होता. त्या गणिताचे चारशे तुकडे केले. एक तुकडा झाला की मान वर करून दाराकडे बघायचं, मग पुढचा तुकडा. अकरा सेकंदांची कॅप चाळीस सेकंदांवर गेली, पण स्क्रीन अडखळत का होईना चालू राहिले. दादाला या तुकड्यांचं कोण कौतुक. घरी कुणी पाहुणा आला की दादाचं बोलणं तुकड्यांवर येऊन संपेपर्यंत त्या बिचाऱ्याला उठता यायचं नाही.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. भाऊ कोरायची मशीनं दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. ही लग्नाआधी एका मोठ्या कंपनीत सर्व्हरचंच काम करायची, लग्नानंतर लॅबमध्ये येऊ लागली. बाबा तिला सूनबाई म्हणत. दादा तिला "अगं"पलीकडे काहीच म्हणत नसे. तीन महिने ती वहीत काहीबाही लिहीत नुसती बघत होती. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिने विचारलं, "दादा, तुमच्या तुकड्यांना हात लावला तर चालेल का?"

"लाव की," दादा म्हणाला. मनात म्हणाला, लावून तर बघ.

तिने आठवडाभरात लावला, आणि तो काय लावला हे सांगायला ती थेट बाबांच्या टेबलाशी गेली. दादा चहाचा कप घेऊन तिथेच उभा होता.

"बाबा, आपल्याकडे डॉक्टरांचे फोन कोण घेतं?"

"काउंटरवरची बाई."

"ती मधेच कॅप करायला बसते का?"

"बसली तर फोन कोण घेणार?"

"आणि कॅप कोण करतं?"

"मागची चार टेबलं. हे काय विचारणं झालं?"

"सर्व्हरमध्ये काउंटरवरची बाईच कॅप करत होती," ती म्हणाली. "मी मागे चार टेबलं टाकली. त्यांना वर्कर म्हणतात. बाई फक्त रांग लावते. जे टेबल मोकळं होईल ते रांगेतलं पुढचं काम उचलतं."

बाबांनी विचारलं, "दर कॅपला नवा माणूस आणतेस?"

"नाही बाबा. नवा माणूस आणून त्याला कामाला लावण्यातच वेळ जातो. चौघं सकाळी उभे करायचे, ते दिवसभर तेच. कॉम्प्युटरला जेवढं झेपतं तेवढेच, म्हणून चार."

मग तिने एकदम चार कॅप पाठवून दाखवल्या. अकरा सेकंदांत चारही तयार, आणि तेवढ्या वेळात तिच्या स्क्रीनवरचं एकही बटण अडकलं नाही. बाबांनी तर्जनीने टेबलावर दोनदा टकटक केलं, जबडा मिटून बघावा तसं.

"बसलं," ते म्हणाले.

दादा हसला. "छान आहे," म्हणाला. आणि आतून इतका जळला की हातातला चहा गरम आहे की गार हे त्याला कळलं नाही. पाच वर्षं राबलो मी, पाच वर्षं फोन घेतले मी, आणि तो शब्द गेला हिला, पाच मिनिटांत. बरं, तिने केलेलं चांगलं नव्हतं म्हणावं तर तेही नाही. चांगलंच होतं. तेच तर खुपत होतं.

त्या दिवसापासून तिचं सगळंच त्याच्या डोळ्यांवर येऊ लागलं. तिची ती वही. कामाला बसण्याआधी कीबोर्ड पुसायची तिची सवय. मागच्या खोलीतली माणसं तिच्याशी हसून बोलतात ते. सर्वांवर कडी म्हणजे बाबा आता रोज आल्या आल्या विचारायचे, "काय सूनबाई, आज चार टेबलं काय म्हणतायत?" आपले चारशे तुकडे काय म्हणतायत, हे बाबांनी पाच वर्षांत एकदा विचारलं नव्हतं. दादाने मोजलं. एका आठवड्यात बाबांनी चार टेबलांची चौकशी नऊ वेळा केली.

दादाची बायको शाळेत शिकवायची. चेहऱ्यावरून काय चाललंय ते ओळखायची तिला रोजचीच सवय. जेवताना ती म्हणाली, "तुझं पोट नक्की कुणामुळे दुखतंय? तिच्यामुळे की बाबांमुळे?"

"माझं काही दुखत नाही. पद्धतीचा प्रश्न आहे."

"मग भाजी घे अजून," ती म्हणाली. "पद्धतीवाल्यांना भूक फार लागते."

पद्धत मात्र खरोखर होती, आणि ती दादानेच घातलेली होती. मागच्या खोलीत जसं एकाने केलेली कॅप दुसऱ्याने बघितल्याशिवाय बाहेर जात नाही, तसंच सर्व्हरच्या कामाचंही. एकाने लिहिलेली फाईल दुसऱ्याने वाचायची, खाली "पाहिलं. ठीक." असं लिहायचं, मगच ती चालू करायची. त्यामुळे धाकटीची प्रत्येक फाईल दादाकडे यायची, आणि दादा ती वाचायचा ती चूक काढायलाच. एवढा मोठा स्कॅन टेबलाकडे देताना त्याची नक्कल होणार, त्यात वेळ जाणार, असं त्याला वाटलं. तिने नक्कल न करता स्कॅन हातातून हातात द्यायची सोय केली होती. एखादं टेबल मधेच कोसळलं तर? तिने त्या जागी नवं उभं करून अर्धवट काम परत रांगेत लावलं होतं. दादा "पाहिलं. ठीक." लिहायचा, आणि दर वेळी त्याला दाढ उपटून हातात दिल्यासारखं व्हायचं.

दोन आठवड्यांनी ब्रिजची फाईल आली. तोवर टेबलांवर फक्त कॅपच जात होत्या, ब्रिज अजून दादाच्या तुकड्यांवर चालायचे. आता तेही जाणार होते. तेवढंच उरलं होतं दादाचं.

ब्रिजचं काम मोठं. आधी बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते, जुळवायची. त्याला अर्धं मिनिट. मग एकेका दाताचं गणित. शेवटी सगळे दात जोडायचे. धाकटीने अख्खा ब्रिज एका टेबलाला दिला होता. त्या टेबलाने बाइट जुळवायची, मग एकेक दात वेगळा करून परत त्याच रांगेत लावायचा, आणि ते दात होऊन येईपर्यंत जागा न सोडता वाट बघायची. एक ब्रिज असला तर बाकीची तीन टेबलं दात करतील. दोन असले तर दोन. तीन असले तरी एक टेबल उरतं, रखडत का होईना होईल. पण एकाच अर्ध्या मिनिटात चार ब्रिज आले तर? चारही टेबलांवर एकेक ब्रिज, चौघंही आपापल्या दातांची वाट बघतायत, आणि दात करायला टेबलच शिल्लक नाही. वाट बघत ते कायमचे तसेच बसणार.

दादाला हे तीन मिनिटांत दिसलं. फाईल उघडताना त्याने घड्याळ बघितलं होतं, कारण चूक सापडली की किती वेळात सापडली हे त्याला सांगायचं होतं.

तो उठला. उठला होता तो सांगायलाच, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "अगं, इकडे ये जरा" हे शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. "सूनबाई, तू आलीस आणि डॉक्टरांची कटकट बंद झाली बघ. पाच वर्षं नुसते फोन, फोन, फोन."

दादा परत खुर्चीत बसला. फाईलच्या खाली त्याने लिहिलं, "पाहिलं. ठीक."

माणूस स्वतःची समजूत घालू लागला की त्याला फार छान मुद्दे सुचतात. दादालाही सुचले. दिवसभरात ब्रिज येतात मिळून सहा. त्यातले चार एकाच अर्ध्या मिनिटात कसे येतील? म्हणजे तसं ठीकच आहे की. खोटं थोडंच लिहिलंय. आणि इतकी हुशार आहे तर दिसेल तिचं तिला.

पण त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडून ठेवली, चार टेबलं काय करतायत ते दाखवणारी. दिवसभर त्याचा एक डोळा तिथेच. दोन टेबलांवर ब्रिज आले की तो हातातलं काम थांबवायचा. एकदा तिसऱ्यावरही आला, आणि चौथ्यावर नेमकी एक साधी कॅप. दादाला चक्क हळहळ वाटली. हळहळ वाटली याची लाजही वाटली. खिडकी मात्र त्याने बंद केली नाही.

असे सहा आठवडे गेले.

एक जुने डॉक्टर होते, त्यांचा कॅमेऱ्यावर विश्वास नव्हता. ते अजून प्लास्टरचा जबडा कुरिअरने पाठवायचे आणि दादा तो लॅबच्या स्कॅनरवर ठेवून स्कॅन करायचा. त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांचा चार दातांचा ब्रिज आला. दादाने स्कॅन घेतला, नाव-नंबर टाकला आणि "पाठवा" या बटणावर बोट ठेवलं. सवयीने कोपऱ्यात बघितलं. एका दंतमहाविद्यालयाने त्याच क्षणी तीन ब्रिज एकदम पाठवले होते. तीन टेबलांवर "बाइट जुळवणं चालू". चौथ्यावर एक कॅप, तिचेही दोनच सेकंद उरलेले. रांग रिकामी.

दादाने काहीच करायचं नव्हतं. उठून पाणी प्यायला गेला असता तर अर्धं मिनिट सहज निघून गेलं असतं, आणि त्या तीन ब्रिजांचे दात रांगेत लागले असते. दादाला तहान लागली नव्हती. त्याने बटण दाबलं.

चार टेबलं, चार ब्रिज. अर्ध्या मिनिटाने चारही खाली एकच ओळ आली, "दातांची वाट बघत आहे". मागच्या खोलीत सर्व्हरचा पंखा घरघरत असायचा तो हळूहळू मंदावला आणि गप्प झाला.

गंमत अशी की बाहेर कुणाला लगेच कळलं नाही. दारातला माणूस मोकळाच होता. तो प्रत्येक डॉक्टरला अदबीने सांगत होता, "काम चालू आहे, कृपया थांबा," आणि मागे रांग वाढत होती. दहाव्या मिनिटाला पहिला फोन आला. पंधराव्याला काउंटरवरच्या बाईने दोन्ही कानांना दोन फोन लावले होते. डॉक्टरांच्या खुर्च्यांमध्ये पेशंट तोंड उघडून बसले होते, घासलेल्या दातांना दिलेली भूल उतरत चालली होती.

धाकटीने सर्व्हर बंद करून परत चालू केला. पण काम हरवू नये म्हणून दादानेच फार पूर्वी एक सोय केली होती: बंद पडताना जी कामं अर्धवट होती ती चालू झाल्यावर सर्वांत आधी. चारही ब्रिज पहिल्या धडाक्यात चार टेबलांवर जाऊन बसले. परत तेच. तिने तिसऱ्यांदा केलं. परत तेच.

"चौघंही कामात दिसतायत," ती स्वतःशीच म्हणत होती, "आणि कॉम्प्युटर थंड. कामात आहेत तर गरम का नाही?"

बाबा बाहेर आले. जवळच्याच एका डॉक्टरांचा पेशंट तीन वाजता विमानात बसणार होता, रांगेत अडकलेली कॅप त्याला हवीच होती. बाबा त्या डॉक्टरांना फोनवर म्हणाले, "प्लास्टरचं माप द्या पाठवून." माप आलं. बाबांनी खालचा खण ओढला, कापडात गुंडाळलेली सुरी काढली, मेण तापवलं आणि टेबलाशी बसले.

दादा बघत होता. मेणावर ओढलेली पहिली रेघ चुकली, त्यांनी ती पुसली, दुसरी ओढली, तीही पुसली. पाच वर्षं त्यांनी सुरी धरली नव्हती. दादाच्या सर्व्हरने ती वेळच येऊ दिली नव्हती, आणि हे आजवर बाबा बोलले नव्हते तसं दादाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तो धाकटीच्या मागे जाऊन उभा राहिला. ती रांगेची फाईल वाचत होती. मग कॅपची. मग स्कॅन उतरवून घेणारी. मग परत रांगेची. चाळीस मिनिटं झाली होती. दादा वाट बघत होता ती ब्रिजची फाईल कधी उघडते याची. तिला तिचं सापडू दे, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही, एवढीच आता त्याची इच्छा होती. ती उघडतच नव्हती.

"अगं, ब्रिजची बघ ना," शेवटी तो म्हणाला.

"त्यात नसणार दादा."

"कशावरून?"

"ती तुम्ही पाहिलीय." तिने मान वळवलीसुद्धा नाही. "तुम्ही ठीक म्हटलेल्या फाईलवर मी परत वेळ नाही घालवत. आधीच्या कंपनीत माझं काम सहा-सहा जण बघायचे, तरी काहीतरी राहिलं असेल म्हणून जीव टांगलेला असायचा. इथे तुम्ही एकटे बघता आणि मी निर्धास्त असते. हे माझंच काहीतरी आहे, तुमच्या नजरेखालून न गेलेलं."

आणि ती परत रांगेची फाईल वाचू लागली, पहिल्या ओळीपासून.

दादाला वाटलं होतं या घरात आपल्या कामाची किंमत कुणालाच नाही. ती एका माणसाला होती, आणि ते माणूस चाळीस मिनिटं नको तिथे शोधत होतं, केवळ त्या किमतीपायी. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं.

"चूक त्यातच आहे," तो म्हणाला.

ती वळली. "आत्ता लक्षात आलं तुमच्या?"

"नाही. वाचली त्याच दिवशी. सहा आठवड्यांपूर्वी." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "चारही टेबलांवर ब्रिज आले की दात करायला कुणी उरत नाही. मला दिसलं होतं, तरी ठीक लिहिलं. आणि आजचा चौथा ब्रिज मी पाठवला. तीन आत आहेत हे बघून पाठवला."

काउंटरवरचा फोन वाजत होता, तो वाजायचा थांबला, परत वाजू लागला. का, असंसुद्धा धाकटीने विचारलं नाही. ती कीबोर्डकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर दादाला उलट बरं वाटलं असतं.

बाबांनी सुरी खाली ठेवली.

"किती वेळात दिसली?"

"काय?"

"चूक. फाईल हातात घेतल्यापासून किती वेळात दिसली तुला?"

"तीन मिनिटं."

"तीन," बाबा म्हणाले. "तिला चाळीस मिनिटं शोधून मिळत नाही, ती तुला तीन मिनिटांत दिसली." त्यांनी चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं. "एवढी नजर आहे तुला, दादा."

असं काहीतरी ऐकायला दादाने पाच वर्षं कान लावले होते. आज ते ऐकायला मिळालं, आणि ते बाबांनी परत घ्यावं म्हणून तो काहीही द्यायला तयार होता.

"आता तिला सांग काय करायचं ते," बाबा म्हणाले आणि परत मेणाकडे वळले. "पेशंट खुर्चीत आहेत."

दादाने खुर्ची ओढली. धाकटीने आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली, जागा करून द्यायला म्हणून की लांब सरकायला म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

"ब्रिज टेबलाला द्यायचाच नाही," तो म्हणाला. "वाट बघणं हे काम नाही, त्याला टेबल लागत नाही. ते दारातल्याने करायचं. त्याला पन्नास जणांची वाट एकदम बघता येते, आणि नाहीतरी त्याला दुसरं काय काम आहे आता. बाइट जुळवणं हे एक काम. एकेक दात हे एकेक काम. जोडणं हे शेवटचं काम. टेबलावर तेवढंच जाऊ दे. काम झालं की टेबल मोकळं."

ती लिहीत गेली. मधे फक्त एकदा म्हणाली, "म्हणजे दात आले की जोडायला कुणाकडे द्यायचे ते दारातला ठरवणार."

"हो. जो मोकळा असेल त्याच्याकडे."

वीस मिनिटं लागली. तिने सर्व्हर चालू केला. चार टेबलांवर चार बाइट आल्या, झाल्या, सुटल्या. मग दात, एकामागून एक, कुणाचा कुठल्या टेबलावर याला काही धरबंध नाही. मागच्या खोलीत पंखा घरघरू लागला. अडकलेले चारही ब्रिज पुरे झाले, त्यांच्या मागची रांग हलली, आणि काउंटरवरच्या बाईने एका कानाचा फोन खाली ठेवला.

विमानवाल्या पेशंटची कॅपही मशीनमधून बाहेर आली. बाबांची मेणातली अजून अर्धीच होती. त्यांनी मशीनची कॅप प्लास्टरवर ठेवली, निळा कागद धरला, दोनदा टकटक केलं.

"बसली," ते कॅपला म्हणाले. मग सुरी कापडात गुंडाळून खणात ठेवून दिली.

पुढे या प्रकाराचा विषय कुणी काढला नाही. धाकट्या भावाला तर आजतागायत माहीत नाही. धाकटी दादाशी पूर्वीसारखीच बोलते, पूर्वीसारखंच "दादा, तुम्ही" करते. पुढच्या आठवड्यात तिची नवी फाईल पूर्वीसारखीच दादाकडे आली. दादाने ती जीव ओतून वाचली, दोनदा वाचली. दोन बारीक गोष्टी काढल्या, तिला जाऊन सांगितल्या, तिने त्या सुधारल्या. मग त्याने लिहिलं, "पाहिलं. ठीक." आणि या वेळी ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

कोपऱ्यातली खिडकी त्याने अजून बंद केली नव्हती. मिनिटभरात तिथे एक नवी ओळ दिसली: "चाचणी, चार ब्रिज." धाकटीने एक छोटी चाचणी लिहिली होती, दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर चालणारी. अर्ध्या मिनिटात चार खोटे ब्रिज पाठवायचे आणि टेबलं सुटतात का ते बघायचं. चाचणी पार पडली, आणि त्यानंतरच तिने फाईल चालू केली. तिने ते लपवलं नाही, सांगितलंही नाही. पुढच्या फाईललाही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. दादाने ठीक लिहायचं, आणि ठीक लिहून झालं की चाचणी सुरू व्हायची. त्याच्या आधी कधीच नाही.

एकदा दादाने ती चाचणी उघडून वाचली. चाळीस ओळी होत्या. साध्या, कुणालाही लिहिता येतील अशा, दाखवायला बोलवावं असं त्यात काही नव्हतं. पण धाकटी आता त्या चाळीस ओळींवर निर्धास्त होती, आणि दादाला त्यांचा इतका हेवा वाटला की बाबांचं ते "बसलं" त्यापुढे काहीच नव्हतं.